शापित माळ आणि आमचा निर्लज्ज रुद्रसेन : टेबलटॉप खेळात शक्तीची किंमत वसूल कशी करायची?

शकुनीचा_भाचा

नमस्कार मंडळी. आम्ही नेरुळ-सीवूड्सचे सहा जण शनिवारी टेबलटॉप रोलप्ले खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन मिळून रचत न्यायची गोष्ट. मी डीएम, म्हणजे कथा चालवणारा. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, जग मात्र घरचं : खाड्या, तरी म्हणजे होड्या, डोंगरी किल्ले आणि मेल्यावरही गप्प न बसणारं एक राजघराणं.

आमच्यातल्या एकाचं पात्र आहे रुद्रसेन. हाकललेल्या किल्लेदाराचा मुलगा, तलवार बरी, जीभ तिखट. त्याला एका मसणजोगिणीकडून कवड्यांची माळ मिळाली. एक कवडी फोडली की एक अशक्य गोष्ट शक्य होते. फासा टाकायचा नाही, झालीच म्हणून समजा. बदल्यात त्याला ओळखणारं कोणीतरी एक माणूस त्याला कायमचं विसरतं. कोण विसरणार ते मी ठरवतो.

माझी कल्पना अशी की कवडी हातात घेताना गडी घामाघूम होईल. प्रत्यक्षात पहिली कवडी गेली कुलूप उघडायला, तेही कुलपं उघडण्यात वाकबगार असलेली आमची कृष्णी (दुसऱ्या खेळाडूचं पात्र) शेजारी उभी असताना. तरीवाला त्याला विसरला. "बरं झालं, भाडं राहिलं होतं." लहानपणचे गुरुजी विसरले. "मारायचे खूप." मग त्याने सरळ विचारलं, सावकार विसरेल अशी सोय होईल का? मी नाही म्हटलं. तर हा बाजारात दिसेल त्याला गाठून "नमस्कार, मी रुद्रसेन" करत सुटला. का? तर ओळखीचा आकडा वाढला की आई-बहिणीवर पाळी येण्याची शक्यता कमी! शाप न राहता ती आता सवलतीची योजना झाली आहे.

तर प्रश्न असा. माणसाला आतून पोखरणारी शक्ती खेळात आणायची, तर तिची झळ खेळणाऱ्याला लागेल कशी? आकड्यांनी, नियमांनी, की गोष्टीतून? आणि पात्र पुरतं वाया गेलं तर ते खेळाडूच्या हातून काढून घ्यावं का?

खारीगावचा_खंड्या

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

हप्तेबहाद्दर

सावकार विसरणारी माळ कुठे मिळते ते आधी सांगा. घोडबंदर रोडला टू बीएचके घेतलाय. अख्खी माळ एकदम फोडतो.

कोपरीकर

भाचेसाहेब, यात नवीन काही नाही, जुन्या लोकांनी उत्तर शोधून ठेवलंय. वेस्ट एंड गेम्सचा १९८७ चा स्टार वॉर्स रोलप्ले बघा. काळ्या बाजूची शक्ती वापरली की एक पॉइंट. पॉइंट साठत गेले की फाशावर ठरतं, तुम्ही अजून तुमचे आहात की नाही. नसाल तर पात्राचा कागद डीएमकडे द्यायचा. पात्र गेलं. व्हॅम्पायर द मास्करेड १९९१ चं, त्यात माणुसकीचाच आकडा असतो. दुष्कृत्यं करत गेलात की तो उतरत जातो, शून्यावर आला की उरतं ते जनावर, आणि जनावर खेळाडूला चालवायला मिळत नाही.

तुमच्या माळेला आकडाच नाही. आकडा नसेल तर भीती कसली? दर कवडीला एक "ओसाडी" पॉइंट द्या आणि सहा बाजूंचा फासा टाकायला लावा. फासा साठलेल्या पॉइंटांच्या खाली पडला की रुद्रसेन तुमचा.

तिरकी_रेघ

@कोपरीकर, सपशेल असहमत. आकडा दिला की खेळाडू त्याचं अंदाजपत्रक मांडतो. पाचला धोका असेल तर चारपर्यंत सगळं फुकट, असं धरूनच चालतो. आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्ये एक जण असे पॉइंट महिन्याच्या डेटा पॅकसारखे वापरायचा. "अजून दोन शिल्लक आहेत, हा पूल जाळून टाकू."

आकडा चालतो तो एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे कॉल ऑफ क्थुलू. १९८१ चा, भयकथांचा खेळ. तिथे ठिकाणावर असलेल्या डोक्याचे पॉइंट असतात आणि अभद्र विद्येची जाण हे वेगळं कौशल्य. मेख अशी की ९९ मधून ती जाण वजा करून जे उरेल, त्याच्या वर तुमचं डोकं कधीच जाऊ शकत नाही. औषध घ्या, विश्रांती घ्या, छतच खाली आलेलं असतं. संकटातून सुटायला त्या विद्येची पोथी वाचावीच लागते आणि वाचली की छत आणखी खाली. इथे साठवून ठेवायला काही शिल्लकच राहत नाही, म्हणून हिशेब जमत नाही.

कोपरीकर

म्हणजे शेवटी आकडाच ना?

तिरकी_रेघ

हो, पण तुमच्यासारखा पासबुकातला नव्हे.

बसल्याबसल्या

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

नौपाड्याचे_काका

तरुण मंडळींनो, धागा दोनदा वाचला. हा खेळ मोबाइलवर असतो का? आणि रुद्रसेन पराभूत झाल्यास नेमके कोण हरते?

शकुनीचा_भाचा

काका, मोबाइल लागत नाही. टेबल, कागद, पेन्सिल, वेगवेगळ्या बाजूंचे फासे. मी प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि काय करणार ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हापासून हा प्रकार छापील स्वरूपात आहे. हरत कोणीच नाही, गोष्ट पुढे जाते.

घरकोंबडा

वय वर्षं पस्तीस, नोकरी आयटी पार्कात, आणि शनिवारी कवड्या फोडतात. धन्य.

हप्तेबहाद्दर

@घरकोंबडा, आणि तुम्ही शनिवारी तो धागा वाचता. चला, सगळेच कामात आहोत.

माउसवाला_मन्या

कंप्युटर गेमवाल्यांनी हा प्रश्न सोडवला असेल असं वाटत असेल तर विसरा. बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये तुमच्या डोक्यात अळी असते आणि आणखी अळ्या स्वीकारल्या तर भारी शक्ती मिळतात. सोबती चेहरे वाकडे करतात, कथा सारखी बजावते की भलतंच होईल. मी बिचकून पहिला अख्खा खेळ एकही अळी न घेता काढला. दुसऱ्या वेळी सगळ्या गिळल्या. फरक? चेहऱ्यावर काळ्या शिरा येतात, बाकी गाडी बरीचशी तशीच धावते. आणि नाही पटलं तर मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडायचा. टेबलावर सेव्ह नसतो, तोच तुमचा हुकमाचा पत्ता आहे.

वाचनवेडी_वाशी

आपल्याकडे एवढा खजिना पडलाय आणि तुम्ही कुठे अळ्यांत शिरताय? कर्ण घ्या. ब्राह्मण असल्याचं सांगून परशुरामाकडून अस्त्र मिळवलं. शाप काय, तर ऐन वेळी मंत्र आठवणार नाही. किंमत लगेच नाही, नेमकी गरजेच्या क्षणी. भस्मासुर घ्या. सौप्तिक पर्वातला अश्वत्थामा घ्या : अस्त्र सोडता येतं, आवरता येत नाही. अर्जुनाने सोडलं आणि परत घेतलं, याला जमलं नाही. हाच नियम करा की! कवडी फोडायला फासा नको, थांबवायला हवा.

पर्वणी

@वाचनवेडी_वाशी, अश्वत्थामा मान्य. बाकी दोघे या धाग्यात बसत नाहीत. कर्णाला शिक्षा झाली ती खोटं बोलल्याची, अस्त्र वापरल्याची नव्हे. भस्मासुर वर मिळाल्याने बिघडला नाही, मुळातच तसा होता. शक्तीने चांगला माणूस बिघडण्याचं उदाहरण हवं असेल तर नहुष.

उद्योगपर्वात ही कथा आहे. वृत्राला मारल्यावर इंद्र पापाच्या धास्तीने पळून कमळाच्या देठात लपला. स्वर्गाला राजा नाही. देव आणि ऋषी नहुषाकडे गेले. हा पृथ्वीवरचा, धर्माने वागणारा राजा. तो काय म्हणाला? मी दुबळा आहे, मला हे झेपणार नाही. तेव्हा त्यांनीच सोय करून दिली : जो तुझ्या नजरेसमोर येईल त्याचं तेज तुला मिळेल. मग व्हायचं तेच झालं. आधी उपभोग, मग "मी इंद्र आहे तर शची माझ्याकडे का येत नाही", मग पालखीला ऋषी जुंपले, आणि शेवटी अगस्त्याच्या डोक्याला लाथ. अजगर होऊन खाली पडला.

आता खेळाच्या दृष्टीने बघा. त्या शक्तीला कसलाही पॉइंट नाही, रोजचा खर्च नाही. खर्च होतोय समोरच्याचा, ज्याच्याकडे हा बघेल त्याचा. म्हणून नहुषाला काही जाणवतच नाही, आणि तुमच्या रुद्रसेनाचंही नेमकं हेच झालंय. तरीवाला विसरला तर नुकसान कोणाचं? तरीवाल्याला तुम्ही जन्म दिलात, आवाज दिलात, त्याच्या बायकोचं नाव ठरवलंत. खेळाडूला तो दोन मिनिटं भेटला. तुमचा जीव अडकलाय तिथे तुम्ही किंमत लावलीत, त्याचा अडकलाय तिथे नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. नहुषाने शक्ती मागितली नव्हती. ती त्याच्या गळ्यात घातली सगळ्यांनी मिळून, स्वतःची अडचण होती म्हणून. नंतर तक्रार घेऊन आले तेही हेच लोक. खरं सांगा, कुलूप उघडायची कवडी फोडताना बाकीचे चौघे काय म्हणत होते?

शकुनीचा_भाचा

@पर्वणी... "फोड रे, उशीर होतोय, शेवटची ट्रान्स हार्बर लोकल जाईल."

पर्वणी

मग रुद्रसेनावर एकट्यावर का डूख धरलाय?

खारीगावचा_खंड्या

रुमाल उचलतो. पर्वणींनी अर्धं काम केलंच आहे. ब्लेड्स इन द डार्क म्हणून जॉन हार्परचा खेळ आहे, २०१७ चा. त्यात सैतानी सौदा असतो. फासा टाकण्याआधी एक जादा फासा मिळतो, बदल्यात एक भानगड कबूल करायची. काम फत्ते होवो न होवो, भानगड होणारच. आणि गंमत ही की हा सौदा फक्त डीएम पुढे करत नाही, टेबलावरचा कोणीही करू शकतो. "घे जादा फासा, पण तुझ्या बहिणीला हे कळेल." खेळाडू एकमेकांना इतक्या जहाल अटी घालतात की डीएमची हिंमत होणार नाही. शिवाय सौदा उघड असतो. लपवून ठेवलेल्या शापाने खेळाडू चिडतो, उघड सौद्याने मोहात पडतो. शाप अचानक कोसळवला तर ती निव्वळ डीएमची दादागिरी.

अवांतर : डी अँड डीमधल्या व्हेक्ना नावाच्या दुष्ट मांत्रिकाचा हात आणि डोळा ही १९७६ पासूनची प्रसिद्ध वस्तू. शक्ती हवी तर स्वतःचा हात तोडून तो बसवायचा. त्यावरून एक जुना किस्सा खेळणाऱ्यांत फिरतो. एका टोळीने दुसरीला फसवायला अफवा उठवली की व्हेक्नाचं डोकंही सापडलंय. दुसऱ्या टोळीने खरंच आपल्या एका गड्याचं मुंडकं उडवून ते डोकं बसवलं. मेला. तर म्हणे, आपलं काहीतरी चुकलं असेल, पुन्हा करू.

हप्तेबहाद्दर

आमच्या सोसायटीच्या कमिटीत हे दर दोन वर्षांनी होतं.

नौपाड्याचे_काका

मी बँकेत असताना आमचे हौशी नाट्यमंडळ होते. मला नेहमी खलनायक देत, मिशीमुळे. सभ्य माणसाला दुष्टपणा करायला मिळाला की तो रंगतो, हे मी खात्रीने सांगतो. तालमीला वेळेवर येणारा मी एकटाच असे. तुमचा रुद्रसेनवाला मुलगा आनंद घेत असेल तर त्यात वावगे काय? मात्र रंगमंचावर आम्हाला एक धाक होता. समोरच्या नटीने मान फिरवली की प्रेक्षकांना तुमचा दुष्टपणा दिसायचा, तुम्ही स्वतः कितीही दात-ओठ खाल्लेत तरी नाही. प्रतिक्रिया समोरून यावी लागते. तुमच्या तरीवाल्याची प्रतिक्रियाही तुम्हीच देता, तिथे ते फसते असे मला वाटते.

तिरकी_रेघ

काका, दंडवत. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद आणि तुम्ही अजून एकही फासा टाकलेला नाही.

ऐरोलीची_मीठभाकर

एक वेगळा मुद्दा. इथे सगळे "सोबत्यांनाच विसरायला लावा" या दिशेने चाललेत, म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. सकाळी चहा दिला की "तुम्ही शेजारच्या का?" विचारतात. मीही खेळते, आणि शनिवारी चार तास सुटका म्हणून जाते. माझ्या पात्राला समोरच्या माणसाने "तू कोण" म्हटलेलं मला त्या टेबलावर नको आहे. शक्ती कितीही घातक असू दे, ती खेळात घातक हवी. आधी प्रत्येकाला वेगळं विचारा. आमच्याकडे टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड असतं, जॉन स्टॅव्हरोपोलॉस यांची कल्पना. कोणी त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

कोपरीकर

पूर्वी आम्ही असली कार्डं न ठेवताच खेळायचो.

ऐरोलीची_मीठभाकर

आणि किती बायका यायच्या तुमच्या टेबलावर?

कोपरीकर

मुद्दा पोचला.

शकुनीचा_भाचा

धागा वर काढतोय. बरेच दिवस गेले, पण वृत्तांत देणं लागतो.

मीठभाकर, तुमच्या प्रतिसादानंतर चौघांनाही व्हॉट्सअॅपवर वेगवेगळं विचारलं. एकाने "माझ्या पात्राच्या वडिलांना हात लावू नकोस" सांगितलं, ते पाळलं. बाकी सगळ्यांची तयारी होती. मग टेबलावर नवा नियम उघड मांडला : यापुढे कोण विसरणार ते मी ठरवणार नाही. जो "फोड" म्हणेल तो विसरेल. रुद्रसेनाला स्वतःहून कवडी फोडता येणार नाही, कोणीतरी मागावी लागेल.

पहिला तासभर तोंडं बंद. जे चौघे दर दाराला "फोड रे" करायचे ते गुमान कुलपं, दोर, लाच असल्या गोष्टी वापरू लागले. टोळीत कुलपं उघडणारी आहे हे सगळ्यांना अचानक आठवलं.

मग खाडीतला प्रसंग. भरती, मचवा कलंडलेला, डोलकाठी मोडून कृष्णीच्या पायावर पडलेली, पाणी छातीपर्यंत. ताकदीचे फासे टाकून झाले, तिघांचे वाया गेले. रुद्रसेन माळ हातात धरून उभा. आता फोडायला तो तयार होता आणि मागायला कोणी नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय. शेवटी कृष्णी खेळणारी म्हणाली, "मीच म्हणते. फोड." डोलकाठी उचलली गेली. रुद्रसेनने तिचा हात धरून तिला वर ओढलं, आणि ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "आभारी आहे हो. हात सोडता का आता?"

आमचा गडी हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. दोन मिनिटांनी मला बाजूला घेऊन विचारतो, "तिच्या चाळीस मोहरा माझ्याकडे उसन्या आहेत. ते ती विसरली का?" म्हटलं, तुलाच विसरली तर उसने कुठून आठवणार. माझी अपेक्षा होती की हा खूश होणार. तर याने रात्री मुक्कामावर गुपचूप तिच्या थैलीत मोहरा ठेवायचं ठरवलं. फासा टाकला, आला दोन. कृष्णीला जाग आली, आणि तिला दिसला थैलीत हात घातलेला एक अनोळखी माणूस. सुरा काढलाय. तिथे सेशन थांबवलं, कारण खरंच शेवटची गाडी होती.

वाचनवेडी_वाशी

अरे देवा. पुढे?

माउसवाला_मन्या

देताना चोर ठरला! हे कुठल्या सेव्ह फाइलीत मिळणार?

पर्वणी

मस्त. आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आलंय का? पात्र काढून घ्यायचं की नाही?

शकुनीचा_भाचा

काढून घेणार नाही. काढून घेतलं की तो सुटला, मग मी त्याला खलनायक म्हणून चालवणार आणि तो नवीन धनुर्धारी घेऊन येणार. सगळे विसरले तरी त्याच टोळीबरोबर चालायचंय, हे त्यालाच खेळू दे. माळेत अजून कवड्या आहेत आणि टोळीत त्याला ओळखणारे तिघे उरलेत. नहुषाला अजगरपणातून शेवटी युधिष्ठिराने प्रश्नांची उत्तरं देऊन सोडवलं ना? तशी एखादी वाट ठेवीन, पण ती बाकीच्यांनी शोधायची.

खारीगावचा_खंड्या

ती वाट आधीच सांगू नका. एक मात्र आत्ताच ठरवून ठेवा : "फोड" न म्हणता नुसती मान हलवली तर? आमचे लोक पहिल्या दहा मिनिटांत ही पळवाट काढतील.

शकुनीचा_भाचा

काढून झाली. मान हलवणं, खोकणं, "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणणं, सगळं "फोड" धरलं जाईल.

नौपाड्याचे_काका

एखाद्या शनिवारी बघायला आलो तर चालेल का? ठाण्याहून नेरुळ सरळ गाडी आहे.

शकुनीचा_भाचा

काका, अवश्य या, पण नुसतं बघायला बसता येणार नाही. सावकार अजून कोणी खेळलेलं नाही. मिशी अजून आहे ना?

कोपरीकर

सगळं झकास. तरी माझं म्हणणं, एक पॉइंट ठेवायला हवा होता.

तिरकी_रेघ

तिघे उरलेत, हा आकडाच आहे की हो.